सुविचाराखालचे नाव

ठेचलेल्या घेवड्याच्या पाल्याचा आणि वस्त्रगाळ कोळशाचा ओला, हिरवट, किंचित करपट वास. दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुली फळे काळे करीत असू, तेव्हाचा हा वास. पाल्याचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत जाई आणि वाळल्यावर कातडी आतून कोणी ओढून धरल्यासारखी वाटे. इतरांनी आपल्या बालपणाविषयी लिहिलेले मी वाचते. कोणाच्या बालपणाला बकुळीचा वास असतो, कोणाच्या केवड्याचा. माझ्या वाट्याला हा कोळशाचा वास आला आणि त्याच्याबरोबर एक संताप आला. शाळा सुटून एक आयुष्य लोटले, तरी परसातल्या वेलाचे पान चुकून बोटांत चुरडले गेले की माझ्या कपाळाची शीर ताठ होते. वय झाले की राग निवतो असे माझ्या वयाच्या बायका मला सांगतात. माझा निवलेला नाही. फुंकर घालून घालून मी तो जपला आहे.

सांगलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत पायऱ्या चढून गेले की समोरच एक लहान फळा टांगलेला असे. त्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहिला जाई. मधे वाक्य, आणि खाली उजव्या कोपऱ्यात लहानशी आडवी रेघ ओढून ते उच्चारणाऱ्या थोर पुरुषाचे नाव. नाव नसलेले वाक्य फळ्यावर चढायचे नाही, असा मुख्याध्यापिकाबाईंचा नियम होता. "कोण म्हणालं ते कळल्याशिवाय मुलींनी का ऐकावं?" असे त्या म्हणत. बाई अंगाने काटक, सुती पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांच्या बोलण्यात एकही शब्द सैल नसे. मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे आताच्या नववीत, गेले तेव्हा माझे अक्षर पाहून त्यांनी फळा माझ्याकडे सोपवला आणि स्वतःच्या हाताने उतरवलेली सुविचारांची एक जाड वही दिली. लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. त्या वहीत समासातसुद्धा वाक्ये कोंबलेली होती. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले की एकच वाक्य वहीत दोन ठिकाणी आहे. एकदा एका ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर आणि पुढे एका बंगाली साधुपुरुषाच्या. मी भीत भीत बाईंना दाखवले. त्यांनी दोन्ही पाने पाहिली आणि वही मिटून माझ्या हातात ठेवली.

"दोघेही मोठे आहेत, शालन. कोणाचंही असलं तरी बिघडत नाही."

त्या वेळी मला हे उत्तर शहाणपणाचे वाटले होते. पुढे कॉलेजात मराठी शिकवताना मी ज्या कामात सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवल्या, त्याचे मूळ त्या उत्तरात आहे. भिंतीवर, दिनदर्शिकेवर, पत्रिकेवर एखादे वाक्य आणि त्याखाली एखादे नाव दिसले की मी शोधायला निघते: हा माणूस हे कुठे म्हणाला, केव्हा म्हणाला, कोणाला म्हणाला. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत अशा चिठ्ठ्या भरल्या आहेत. बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटी एकच शेरा आहे: सापडले नाही. नातवंडे हसतात. त्यांना तो म्हातारीचा छंद वाटतो.

आम्ही माधवनगरला राहत होतो. माझे चुलते, तात्या, तिथल्या एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. एका ओळीत बांधलेल्या घरांपैकी दोन खोल्या आमच्या. पहाटे भोंगा वाजे, तो कानात न शिरता पोटात शिरे. गिरणीतून सुटून येणाऱ्या बायकांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत आणि त्या आमच्या दारावरून गेल्या की हवेत तेलाचा आणि नव्या सुताचा कोरडा वास बराच वेळ राहत असे. घरात मात्र वास असे तो चुलीचा, ज्वारीच्या भाकरीचा, खलबत्त्यात कुटलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा आणि थंडीत हुलग्याच्या माडग्याचा. हे सारे आत्तीच्या हातचे. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची आणि तात्यांची थोरली बहीण. नवरा प्लेगात गेल्यावर ती माहेरी, वडूजजवळच्या आमच्या गावी परतली आणि माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवले. तिला अक्षरओळख नव्हती. बोलताना ती हातातले काम थांबवत नसे, त्यामुळे तिच्या वाक्यांना भाकरी थापण्याचा, नाहीतर पाखडण्याचा ताल असे. पुढे मी छंदशास्त्र शिकले, लघु-गुरू मोजायला शिकले. परंतु यती कुठे पडावा हे मला त्या काठवटीजवळ बसून आधीच कळलेले होते.

तिचे नाव नकुसा. साताऱ्याकडे हे नाव कोणाला फोड करून सांगावे लागत नाही. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली, देवाला कळावे की आता पुरे, म्हणून हे नाव ठेवले. नाव लागू पडले असे घरचे मानत, कारण तिच्यामागून माझे वडील झाले आणि मग तात्या. "ह्यो आबा माझ्या नावानं आलाय," असे ती माझ्या वडिलांकडे बोट दाखवून सांगे, आणि त्यात तिला खोटे वाटेल असे काही नव्हते. भाऊ तिला आक्का म्हणत, मी आत्ती म्हणे. तिचे नाव घेऊन हाक मारणारे कोणी उरलेले नव्हते, आणि ती हाक ऐकू येत नाही याचे तिला दुःख होते की सुख, हे मी कधी विचारले नाही.

माझे वडील, आबा, पलटणीत होते. मी गावच्या शाळेत सातवी झाले त्या वर्षी ते श्रावणात रजेवर आले. भुईमुगाची भांगलण चालली होती. बायका आपापली पात धरून, उकिडव्या बसून, खुरप्याने तण काढत पुढे सरकत होत्या. ओली माती, उपटलेल्या मुळांचा कडवट वास, आणि खुरपे खड्यावर घासले की उठणारा तो दात शिवशिवणारा आवाज. मी आत्तीच्या मागे तिची उपटलेली पाने गोळा करीत होते. आबा बांधावर येऊन उभे राहिले, बुटाची माती दगडाला पुसली आणि म्हणाले,

"आक्का, शालनला आता साळंतनं काढतो. सातवी झाली, लय झालं. फुडं काय कलेक्टर व्हायचीय?"

आत्तीने मान वर केली नाही. दोन हात पुढे सरकली, एक रोप मुळासकट उपटले आणि वर धरले.

"आबा, ह्ये काय हाय?"

"तण हाय. दुसरं काय."

"त्येला नाव न्हाई व्हय?"

"असंल. मला काय करायचंय?"

"तांदुळजा हाय ह्यो. काल जेवताना ह्येच्यासंगं तीन भाकरी खाल्ल्यास आन् आजून वाढ म्हणलास." बायका पदराआड हसल्या. आत्तीने रोप माझ्या ओच्यात टाकले आणि पुन्हा खुरपे धरले. "आपुन न पेरलेलं बी उगावतंय रानात. उपटायच्या आदी त्येचं नाव तरी इचारावं मानसानं."

खुरप्याच्या तीन फटक्यांवर तिचे ते बोलणे पुरे झाले. आबा म्हणाले, "लय बोलाय लागलीस आक्का," आणि निघून गेले. मी ओचा घट्ट धरून तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता आबांनी जाहीर केले की शालन तात्यांकडे राहून सांगलीच्या शाळेत शिकेल. "पर तू बी जा तिच्यासंगं. तात्याच्या हातचं खाऊन पोरगी वाळंल." माझे सारे शिक्षण, माझी सारी कविता, आज माझ्या नावापुढे लागणाऱ्या पदव्या त्या भांगलणीच्या पातीतून उगवलेल्या आहेत. हे लिहून ठेवायला हवे, कारण यानंतर मी जे केले ते हे ठाऊक असताना केले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा बाईंची वही संपली होती. "पुन्हा पहिल्या पानापासून घे, नाहीतर स्वतः शोध," असे त्या म्हणाल्या. मला शोधायचे होते. मला त्या दिवसांत कविता करण्याचे वेड लागले होते, आणि आत्तीचे वाक्य माझ्या कानात सतत वाजत असे. ते फळ्यावर शोभावे म्हणून मी आदल्या संध्याकाळी पाटीवर घासूनपुसून घेतले. 'रान' काढले, 'मानसानं' काढले, 'आपुन' काढले. उरले ते असे: 'न पेरलेलेही उगवते. उपटण्यापूर्वी त्याचे नाव तरी विचारावे.' मला वाटले, मी त्याला न्हाऊमाखू घातले. प्रत्यक्षात मी त्यातला भुईमूग मारला, माती मारली, तीन भाकरी खाऊन पुन्हा वाढ म्हणणारा माणूस मारला. पंधरा वर्षांच्या मुलीला शुद्ध मराठीचा जो माज चढतो तो मला पुरेपूर चढला होता.

सकाळी शाळेत सर्वांच्या आधी पोहोचून मी वाक्य लिहिले, रेघ ओढली आणि खाली लिहिले: नकुसा. दोन पावले मागे जाऊन पाहिले. काळ्याभोर फळ्यावर ते नाव स्वच्छ, गोल, पांढरे दिसत होते. आयुष्यात मी पुष्कळ लिहिले, छापलेही; परंतु लिहिलेल्या शब्दाकडे पाहून तसा आनंद पुन्हा झाला नाही. एवढ्यात बाई पायऱ्या चढून आल्या.

"नकुसा कोण?"

"माझी आत्या, बाई. वाक्य तिचं आहे."

"काय करते ती?"

"घरी असते. स्वयंपाक करते."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "शालन, हा फळा दारात आहे. सकाळच्या पहिल्या प्रहरी लोक इथून आत येतात. सुविचाराखाली नकुसा? शाळेनं थट्टा मांडली असं वाटेल त्यांना. असं नाव कोणी सकाळी वाचावं का?"

"पण बाई, ती म्हणाली ते मी स्वतः ऐकलंय."

"वाक्य चांगलं आहे. म्हणून तर सांगते, त्याला नीटसं नाव दे. नाहीतर दोन्ही पूस. घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत."

त्या आत गेल्या. मी ओले फडके हातात घेऊन उभी राहिले. दोन्ही पुसता आले असते. ते करायला मला कोणी अडवले नव्हते. परंतु वाक्य मला सोडवेना. त्यात माझी आदल्या संध्याकाळची कारागिरी होती, माझे अक्षर होते, आणि मुली येऊन ते वाचणार होत्या. मी नाव पुसले. ओल्या जागेवर खडूने दुसरे नाव लिहिले. ओल्या फळ्यावर खडू आधी उमटत नाही. पाणी वाळते तसतशी अक्षरे वर येतात आणि इतरांहून अधिक पांढरी दिसतात. घंटा होईपर्यंत ते नाव झळझळीत वर आले होते.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते पुरेशा ठिकाणी लिहून झाले आहे, आणि त्या वाक्याखाली पहिल्यांदा मीच लिहिले आहे. सारे गाव त्यांना गुरुवर्य म्हणे. निवृत्त शिक्षक, व्याख्याते, शाळेच्या मंडळातले वजनदार गृहस्थ. बाईंच्या वहीत त्यांची दहा-बारा वाक्ये होती, म्हणून घाईत तेच नाव हाताला आले. चुकीचे नाव द्यायचेच तर निदान एखाद्या मेलेल्या ग्रीकाचे द्यायचे. त्याने ते येऊन स्वीकारले तरी नसते.

त्यानंतर काय झाले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुलींनी वाक्य वह्यांत उतरवले. वक्तृत्वाच्या चढाओढीत दोघींनी त्याने भाषणाचा शेवट केला. एका शिक्षिकेच्या भावाने ते गावातल्या साप्ताहिकाकडे दिले. माघात शाळेच्या सभागृहात, व्यासपीठाच्या वरच्या भिंतीवर ते तैलरंगात रंगवले गेले, खाली नावासकट. जवसाच्या तेलाचा तो उग्र वास आठवडाभर वर्गात येत होता, आणि मी नाकाला पदर लावून, डोके दुखते म्हणून सांगत बसले होते.

एका संध्याकाळी तात्या जेवताना साप्ताहिक चाळत होते. वाचता वाचता थांबले.

"काय बोलल्यात बघ गुरुवर्य. आईक आक्का," असे म्हणून त्यांनी ते वाक्य ठसक्यात वाचले.

आत्तीच्या तळहातावर भाकरी होती. ती तव्यावर पडली नाही.

"ह्ये म्या बोलल्यालं हाय. भुईमुगाच्या रानात. आबाला."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तू? आगं ह्ये मोठं इद्वान मानूस हाय. तू ऐकलं आसशील कुठंतरी कीर्तनात, आन् त्येच आबाच्या अंगावर टाकलंस."

"कीर्तनात भुईमूग कशाला यील?"

"भुईमूग हाय कुठं ह्यात? वाच की तूच."

"मला वाचाय येतंय व्हय?"

"मंग?" तात्या म्हणाले, आणि पान उलटून कापसाचा भाव बघू लागले. तात्या दुष्ट नव्हते. त्यांनी मला सायकलवर बसवून शाळेत सोडले आहे, माझ्या तापात रात्रंदिवस उशाशी बसले आहेत. परंतु आपली बहीण एखादे वाक्य स्वतः घडवू शकते, ही शक्यता त्यांच्या मनाच्या उंबऱ्याशी कधी आलीच नव्हती. माझ्या तोंडात माडग्याचा घोट होता. तो मी गिळला.

तात्या हात धुवायला उठले तशी आत्ती माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "शालन, खरंच म्या कुठं ऐकलं आसंल का गं? मला तर ध्यानात येईना."

तिच्याकडून वाक्य गेले याची मला तोवर लाज होती. पण आता तिचा स्वतःवरचा भरवसा जाऊ लागला होता. अक्षर न येणाऱ्या बाईजवळ स्वतःचे म्हणून काय असते? तिचे कान, तिची जीभ आणि तिची आठवण. त्यातली आठवण मी पोखरली होती. मी तिला ओढतच मागच्या दारी नेले आणि रांजणापाशी उभी राहून सारे सांगितले: पाटी, फळा, बाई, ओले फडके. हाताला चिकटलेले पीठ एकेका बोटावरून काढत ती ऐकत होती. मला वाटले, मारेल. मारले असते तर बरे झाले असते.

"माझं नाव लिवलं हुतंस?" तिने विचारले.

"हो."

"किती येळ हुतं?"

"पाच मिनिटं असेल."

"दिसत हुतं नीट?"

"हो आत्ती. छान दिसत होतं."

शेवटच्या बोटावरचे पीठही तिने काढले. "मंग आता सांग त्यास्नी."

"सांगते. बक्षीससमारंभाला गुरुवर्य येणार आहेत. तिथं सांगते."

"समद्यांसमूर?"

"समद्यांसमोर."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने राहिलेली भाकरी तव्यावर टाकली.

समारंभात बोलण्याची वेळच येऊ नये, या आशेने मी आधी गुरुवर्यांच्या घरी गेले. ते सोप्यातल्या झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. कड्यांचा लयीत कुरकुर आवाज, कातरलेल्या सुपारीचा तुरट वास. त्यांनी मला प्रेमाने बसवले, काकूंना हाक मारून माझ्या हातावर चिवडा घालायला लावला. मी सांगितले, सभागृहातले ते वाक्य तुमचे नाही, तुमचे नाव मी लिहिले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी त्यांना आज क्षमा केली असती. ते हसले.

"बाळ, आयुष्यभर इतकं बोललो आहे मी. तू कुठंतरी वाचलं असशील, तुला आठवत नाही. मला मात्र चांगलं आठवतं. कऱ्हाडच्या व्याख्यानात मी हे म्हणालो होतो. आणि मी म्हणालो नसतो तरी ओळखलं असतं. शैली माझी आहे."

ती शैली माझी होती. इंग्रजी पाचवीतल्या मुलीने पाटीवर खोडून खोडून तयार केलेली. हे मी त्यांना सांगितले नाही. मी एवढेच म्हणाले, "माझी आत्या म्हणाली हे. शेतात. मी तिथे होते."

"शिकलेल्या आहेत का त्या?"

"नाही."

"मग बघ," ते मायेने म्हणाले. "हे चिंतन आहे, बाळ. सहज तोंडातून निघालेलं बोलणं नव्हे." मग त्यांनी माझ्या अक्षराची स्तुती केली. मॅट्रिकनंतर पुण्याला शिकायचे असेल तर तिथल्या मुलींच्या वसतिगृहात त्यांचा शब्द चालतो, वेळ आली की चिठ्ठी देईन, असे म्हणाले. मी चिवडा तसाच मुठीत धरून बाहेर पडले. कृष्णेच्या घाटापर्यंत चालत गेले आणि मूठ पाण्यात उघडली. पुणे मला हवे होते. किती हवे होते हे आज सांगता येणार नाही. वडूजच्या माळावर वाढलेल्या मुलीला पुस्तकांनी भरलेल्या गावाची जी तहान असते ती मोजायला माझ्याजवळ माप नाही.

ते वाक्य अजून जिवंत आहे, आणि अजून त्यांच्याच नावाने. साखर कारखान्याच्या दिनदर्शिकेवर मी ते वाचले. रोपवाटिकेच्या पाटीवर वाचले. लेकीचे स्वागत करणाऱ्या बारशाच्या पत्रिकेवर तर अनेकदा, आणि ते पाहून पत्रिका फाडावीशी वाटली. मी संपादकांना पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले: 'आपले म्हणणे रोचक आहे. कृपया मूळ संदर्भ द्यावा. ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ.' कोणते पृष्ठ देऊ? वडूजच्या वाटेवरचे रान, बांधाकडून तिसरी पात. त्यांच्याकडे गुरुवर्यांच्या भाषणांचा संग्रह आहे, त्यात ते वाक्य छापलेले आहे, कारण समारंभानंतर ते खरोखरच जागोजागी ते म्हणू लागले. आज कोणी अभ्यासक मूळ शोधायला निघाला तर त्याला पृष्ठ मिळेल, वर्ष मिळेल, टाळ्या पडल्याची नोंदही मिळेल. खोट्याला संदर्भ असतो. माझ्या ट्रंकेतल्या साऱ्या चिठ्ठ्यांनी मला एवढे शिकवले आहे, आणि ते शिकून मी शांत झालेली नाही.

समारंभाच्या दिवशी आत्तीने माझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या की भुवया वर ओढल्या गेल्या. मी तिला चल म्हणाले. "माझं काय काम तितं? तू हाईस की," ती म्हणाली. सभागृह झेंडूच्या माळांनी, गुलाबपाण्याने आणि नव्या सतरंज्यांच्या धुळकट वासाने भरले होते. मी पाचव्या बाकावर कडेला बसले. वर भिंतीवर ते वाक्य, त्याच्या खाली खुर्चीत गुरुवर्य. ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी त्या वाक्यापासूनच आरंभ केला. एके दिवशी प्रातःकाळी ते कृष्णाकाठी फिरत होते. घाटाच्या दगडांच्या सांध्यातून एक इवलेसे रोप वर आलेले त्यांना दिसले. माळी ते उपटायला वाकला, आणि त्यांच्या मुखातून हे शब्द निघाले. रोप कोणते, ते त्यांनी सांगितले नाही. त्यांना ते सुचलेच नसावे. साऱ्या सभेत एकाही माणसाला रोपाचे नाव विचारावेसे वाटले नाही.

मी उभी राहिले. बाक मागे सरकला, त्याचा पाय फरशीवर कर्कश घासला आणि सारे सभागृह माझ्याकडे वळले. "गुरुजी," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पातळ आणि उंच. ते थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहून स्मित केले, जणू मी शंका विचारणारी चौकस विद्यार्थिनी आहे. व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या बाईंनी मान किंचित वळवली. त्यांनी आवाज चढवला नाही. हातसुद्धा उचलला नाही. "खाली बस, शालन," एवढेच म्हणाल्या.

पुढे टाळ्या झाल्या. पुढे बक्षिसे झाली. सुंदर हस्ताक्षराचे बक्षीस मला मिळाले. गुरुवर्यांच्या हातून एक कोरी बांधीव वही, त्या टंचाईच्या दिवसांत दुर्मिळ असलेली, आणि तिच्या पहिल्या पानावर तेच वाक्य आणि खाली त्यांची वळणदार सही. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. हेही लिहायला हवे. लावला.

घरी आले तेव्हा ऊन कलले होते. आत्तीने शेंगोळ्या केल्या होत्या. लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. ती दारातच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी वही कोनाड्यात फेकली आणि बोलत सुटले. बाई कशा, गुरुवर्य कसे, कृष्णाकाठ कसा, माळी कसा, टाळ्या कशा. मी रडत होते, ओरडत होते. मला माझ्या रागाचा अभिमान वाटत होता. सगळे चोर आहेत, मी म्हणाले. आत्ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिची बोटे शेंगा फोडत होती.

"मी उभी राहिले होते, आत्ती," मी हुंदके आवरत म्हणाले. "सगळ्यांसमोर उभी राहिले. गुरुजी म्हणून हाकसुद्धा मारली. पण बाईंनी खाली बस म्हणून सांगितलं."

आत्तीने माझ्याकडे पाहिले. हातातले काम थांबवून तिने कोणाशी बोललेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बसलीस?"